परमुलुखातील वार्धक्य

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वार्षिक संमेलनात वैद्यकीय विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी मला केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. अशा प्रसंगी गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, जुन्या स्नेह्यांच्या भेटी व्हाव्यात, आणि भोजनाची वेळ टळू नये, ही सर्वांचीच रास्त इच्छा असते. तेथे रोगांचे पुराण लावून बसणे म्हणजे रसभंगच की काय, अशी शंका मनात आली. परंतु गेल्या वर्षीची आपली स्मरणिका चाळताना तिच्यातील परदेशस्थ ज्ञातिबांधवांची यादी माझ्या पाहण्यात आली. यादी लांबलचक आहे आणि अभिमान वाटावा अशीच आहे. कोण कोठल्या विद्यापीठात, कोण कोणत्या हुद्द्यावर, हे सारे तीत आहे. पण त्या मुलांच्या मागोमाग जे आईबाप सातासमुद्रांपलीकडे गेले, त्यांचा उल्लेख तीत कोठेच नाही. नातवंडे सांभाळण्यासाठी गेलेली आजी, जोडीदार निवर्तल्यावर मुलाने नेलेले वडील, यांची नोंद कोण घेणार? आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

मी १९७८ साली इंग्लंडला गेलो आणि २०१२ साली परत आलो. ती चौतीस वर्षे मी तेथील सरकारी आरोग्यसेवेत नोकरी केली. त्या सेवेचे मीठ मी खाल्ले आहे आणि तिच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. ५ जुलै १९४८ रोजी 'नॅशनल हेल्थ सर्व्हिस' सुरू झाली. त्याच्या तेराच दिवस आधी, २२ जून रोजी, 'एम्पायर विंडरश' नावाच्या जहाजातून आलेले वेस्ट इंडीजमधील शेकडो लोक लंडनजवळच्या टिलबरी बंदरावर उतरले होते. ही दोन चाके पुढे बरोबरच फिरली. परदेशातून आलेल्या परिचारिका आणि डॉक्टर यांच्या खांद्यावर ती सेवा उभी राहिली. ज्या खाणवस्त्यांत आणि शहरांच्या जुन्या मोहल्ल्यांत जाण्यास तेथील डॉक्टर नाखूष असत, तेथे भारतीय डॉक्टरांनी दवाखाने चालवले. असे असूनही, ज्यांनी ही सेवा उभारण्यास हातभार लावला, त्यांच्याच समाजातील वृद्धांच्या पदरात तिचे फळ सारख्या मापाने पडले नाही. असे का झाले, याचा विचार आपणास करावयाचा आहे.

प्रथम या अंतराचे स्वरूप पाहू. देशांतर करणारा माणूस बहुधा धडधाकट असतो. अंथरुणाला खिळलेला मनुष्य बोट धरून परदेश गाठत नाही. त्यामुळे केवळ आयुर्मान पाहिले तर ब्रिटनमधील भारतीय वंशाचे लोक गोऱ्या लोकांच्या मागे नाहीत. परंतु किती वर्षे जगलो हा एक प्रश्न, आणि ती वर्षे कशी गेली हा दुसरा. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्लंडमधील पंचावन्न वर्षांवरील लोकांच्या प्रकृतीची तुलना केलेली आहे. चालणे-फिरणे, स्वतःचे स्वतः करणे, वेदना, मनाची अवस्था, अशा गोष्टी त्यात पाहिल्या. बहुतेक अल्पसंख्य गटांची प्रकृती गोऱ्या ब्रिटिशांपेक्षा वाईट आढळली. बांगलादेशी, पाकिस्तानी व जिप्सी समाजांत तर साठीच्या माणसाची सरासरी प्रकृती गोऱ्या समाजातील ऐंशीच्या माणसासारखी होती. म्हणजे वीस वर्षांचे वार्धक्य आगाऊ वसूल झाले. यात आश्चर्य नाही. लँकेशायर-यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांतील रात्रपाळ्या, मिडलंड्सच्या ओतशाळांतील धग, पूर्व लंडनमधील कोंदट आणि दाटीवाटीची घरे, यांचा हिशेब शरीर तरुणपणी मांडत नाही. तो म्हातारपणी मांडते.

आता पुष्कळांच्या मनात असा विचार येईल की, हा रक्ताचा दोष असावा. आपल्या लोकांना मधुमेह आणि हृद्रोग व्हायचेच. या म्हणण्यात तथ्यांश आहे, आणि तो समजून घेतला पाहिजे. लंडनच्या पश्चिमेकडील साउथॉल व ब्रेंट या भागांत १९८८ पासून एक मोठा अभ्यास झाला आणि त्यातील लोकांची पुढे वीस वर्षांहून अधिक काळ पाहणी करण्यात आली. वयाची ऐंशी वर्षे गाठेपर्यंत दक्षिण आशियाई आणि कॅरिबियन वंशाच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट झालेले त्यात दिसले. आपल्या पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या कोड्याचा पाठपुरावा थेट गर्भावस्थेपर्यंत केला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलो वजनाची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपली बाळे हडकुळी असूनही त्यांच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, अगदी तंतोतंत सारखा. परंतु शरीरातील चरबी इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के!

यातून काय निष्पन्न होते? दोष एकट्या रक्ताचा नाही, मापाचाही आहे. गोऱ्या शरीरांवर बेतलेली मोजपट्टी आमच्या शरीराला लावली, तर आमचा रोगी 'सडपातळ, निरोगी' म्हणून घरी परत पाठविला जातो आणि दहा वर्षांनी हृदयविकाराचा झटका येऊन रुग्णालयात दाखल होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकांसाठी २३ या आकड्यापासूनच सावध व्हावे असे सुचविले. ब्रिटनमध्ये तशी अधिकृत शिफारस २०१३ साली झाली. पोटाचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर झाला की आपण जागे व्हावे. येथे बसलेल्या प्रत्येकाने घरी गेल्यावर शिंप्याची टेप हाती घ्यावी, एवढी माझी विनंती आहे.

माप चुकण्याचे आणखी एक उदाहरण सांगतो. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र कोविडच्या साथीत घरोघरी पोहोचले. काळ्या त्वचेच्या माणसात हे यंत्र कधीकधी प्राणवायू आहे त्याहून जास्त दाखविते. अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, यंत्राने प्राणवायू पुरेसा दाखविला असतानाही तो प्रत्यक्षात धोक्याच्या पातळीखाली असण्याचा प्रकार गोऱ्या रोग्यांत सुमारे ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रोग्यांत ११.७ टक्के होता. यंत्राच्या मनात द्वेष नसतो. पण ते घडविताना कोणाचे बोट समोर होते, हा प्रश्न उरतोच. त्याच वर्षी पब्लिक हेल्थ इंग्लंड या तत्कालीन सरकारी संस्थेने कोविडच्या मृत्यूंचा अहवाल काढला. वय, लिंग, वस्ती आणि गरिबी यांचा फरक वजा केल्यावरही बांगलादेशी वंशाच्या लोकांना मृत्यूचा धोका गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे दुप्पट, आणि भारतीय, पाकिस्तानी, चिनी, कॅरिबियन इत्यादींना दहा ते पन्नास टक्क्यांनी अधिक आढळला.

येथवर मी शरीराविषयी बोललो. आता जिभेविषयी बोलतो. आणि हे बोलताना मला स्वतःच्याच चुकीची कबुली द्यावयाची आहे.

माझे वडील १९९४ साली नागपुरात वारले. त्यानंतर मी आईला इंग्लंडला घेऊन गेलो. तेव्हा तिचे वय अडुसष्ट होते. मराठी शाळेची चौथी इयत्ता ती शिकलेली. इंग्रजी येत नसे. दिवसभर घरात एकटी असे. दोन वर्षांनी, हिवाळ्याच्या दिवसांत, ती एकदा मला म्हणाली, "अरे, हल्ली जीव घाबरा होतो. जिना चढले की हात गळून जातात." मी तिला आमच्या वस्तीतल्या डॉक्टरांकडे नेले. ते सज्जन गृहस्थ माझे परिचित होते. ते तिला विचारीत, ती मला सांगे, आणि मी त्यांना सांगे. 'जीव घाबरा होतो' या शब्दांचे भाषांतर मी काय केले असेल? वडील गेल्यापासून ती उदास आहे, तिच्या मनाला घोर लागून राहतो, असे मी सांगितले. हात गळण्याविषयी बोललोच नाही. वयोमानाने थकवा यायचाच, असे मीच मनाशी ठरवून टाकले होते. डॉक्टरांनी एका डॉक्टरच्या शब्दावर विश्वास ठेवला. झोपेची गोळी मिळाली. पाच आठवड्यांनी पहाटे तिला हृदयविकाराचा झटका आला.

रुग्णालयात तिच्याशी बोलण्यासाठी एक दुभाषी बाई आल्या. त्या मूळच्या पंजाबातल्या. त्यांना मराठी येत नव्हते. पण आईला नागपूरच्या बाजारातली हिंदी चांगली येत होती. मला बाहेर बसविण्यात आले. त्या दोघी अर्धा तास बोलल्या. बाहेर आल्यावर त्या बाईंनी जे सांगितले ते असे : तीन महिन्यांपासून जिना चढताना डाव्या हातातून जबड्यापर्यंत ओढ लागत असे, तिसऱ्या पायरीवर बसून ती थांबत असे, आणि मुलाला हे सांगितले नाही, कारण, तिच्या शब्दांत, "तो रात्रभर रोगीच पाहून येतो. घरात आणखी एक कशाला?"

मधुमेही माणसाला, विशेषतः स्त्रियांना, हृदयविकार छातीतील कळीवाचूनही येतो. थकवा, घाम, दम, जबड्यातील ओढ, अशा रूपांनी येतो. हे मला पाठ होते. हेच मी विद्यार्थ्यांना शिकवीत होतो. तरीही माझ्या आईचे शब्द माझ्याच तोंडातून जाताना बदलले. ती पुढे तीन वर्षे जगली. पण जिना पुन्हा चढली नाही.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट मी सहानुभूती मिळविण्यासाठी सांगितली नाही. तिच्यात एक नियम दडलेला आहे. मुलगा कितीही शहाणा आणि मायाळू असला, तरी तो चांगला दुभाषा नव्हे. आई मुलासमोर लघवीच्या तक्रारी सांगत नाही, सून सासऱ्याला शौचाविषयी विचारीत नाही, आणि बारा वर्षांच्या नातीच्या तोंडून आजीला कर्करोग झाल्याचे कळावे, यासारखा क्रूरपणा नाही. इंग्लंड-अमेरिकेतील सरकारी पैशांवर चालणाऱ्या रुग्णालयांत दुभाषा मागता येतो आणि त्यासाठी रोग्याला पैसे द्यावे लागत नाहीत. परंतु आपली मंडळी मागत नाहीत. 'मी आहे ना!' असे म्हणून मुलगा पुढे होतो. मीही असाच पुढे झालो होतो.

भाषेचा हा अडसर स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत फारच घातक ठरतो. म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती तपासण्यासाठी ब्रिटनमध्ये १९७२ साली दहा प्रश्नांची एक कसोटी तयार झाली आणि पुढे कितीतरी वर्षे ती रुग्णालयांतून सर्रास वापरली गेली. तीत विचारतात : पहिले महायुद्ध कोणत्या साली सुरू झाले? सध्या गादीवर कोण आहे? वीसपासून एकपर्यंत उलटे मोजा. '४२, वेस्ट स्ट्रीट' हा पत्ता ध्यानात ठेवून शेवटी सांगा. एकदा आमच्या रुग्णालयात एक मराठी आजी दाखल झाल्या होत्या. त्यांना दहापैकी तीनच उत्तरे आली आणि 'बुद्धिभ्रंश' असा शेरा लिहिला जात होता. मी सहज जाऊन त्यांच्याशी मराठीत बोललो. महायुद्धाचे साल त्यांना ठाऊक नव्हते, ते पूर्वीही कधी ठाऊक नव्हते. पण परवा संकष्टी आहे, हे त्यांनी मला सांगितले. त्यांनी वातींचा लक्ष करावयास घेतला होता. त्यातील किती हजार वळून झाल्या आणि किती उरल्या, याचा हिशेब त्यांच्या जिभेवर होता. परीक्षा त्यांच्या स्मृतीची झालीच नव्हती. इंग्रजी शाळेत गेल्या होत्या की नाही, एवढीच झाली होती.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. आपल्या घरांत 'साठी बुद्धी नाठी' म्हणून खऱ्या स्मृतिभ्रंशाकडे डोळेझाक होते. म्हातारा चिडतो, पैसे हरवतो, रस्ता चुकतो. घरचे म्हणतात, वयच झाले. तपासणीला नेतात तेव्हा उपचारांचा अर्धा काळ निघून गेलेला असतो. शिवाय या रोगात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी पुसली जाते. चाळीस वर्षे इंग्रजीत कारभार केलेले गृहस्थ अखेरीस केवळ मराठीत बोलू लागतात, आणि वृद्धाश्रमातील शुश्रूषा करणाऱ्या बाईंना ते 'गप्प' झालेले दिसतात. ते गप्प नसतात. त्यांचे ऐकणारा तेथे कोणी नसतो. भाषा व शिक्षण यांवर कमी अवलंबून असलेली एक कसोटी सिडनी येथे २००४ साली तयार झाली. तीत घरगुती व्यवहाराचे प्रश्न असतात आणि दुभाष्यामार्फत ती घेता येते. अशा कसोटीचा आग्रह धरणे हे कुटुंबाचे काम आहे.

तिसरा अडसर कागदाचा. आईला मी नेले त्या काळी ती वाट अवघड असली तरी उघडी होती. २०१२ च्या जुलैपासून ब्रिटनने वृद्ध आईबापांस कायमचे नेण्याचे नियम इतके कडक केले की, स्वतःचे नित्यकर्मही करता येत नाही आणि मायदेशी पैसे देऊनही कोणी सांभाळणारे मिळत नाही, असे सिद्ध केल्यावाचून परवानगी मिळत नाही. म्हणून आता आईबाप सहा-सहा महिन्यांच्या पाहुणेपणावर जातात. इंग्लंडमध्ये अशा पाहुण्याला वस्तीतल्या डॉक्टरचा सल्ला आणि तातडीच्या विभागातील उपचार फुकट मिळतात. परंतु रुग्णालयात दाखल करून घेतले की ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होऊ शकते. अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी 'मेडिकेअर' ही योजना कायद्याने मंजूर झाली. ती पासष्टीनंतर लागू होते, पण ज्याने अथवा ज्याच्या जोडीदाराने तेथे सुमारे दहा वर्षे नोकरी करून कर भरला नाही, त्याला रुग्णालयाचा विमा आपोआप मिळत नाही. ग्रीन कार्डावर गेलेल्या आईबापांना सलग पाच वर्षे राहिल्यावर दरमहा हप्ता भरून तो विकत घेता येतो. ही पाच वर्षेच बहुधा दुखण्याची असतात. मग काय होते? येथून निघतानाच सहा महिन्यांच्या गोळ्या पिशवीत भरून नेतात; परतणे लांबले की एका गोळीचे दोन तुकडे करतात; आणि पायाला झालेली जखम मुलापासून लपवून ठेवतात, कारण त्याला खर्चात पाडावयाचे नसते. विम्याचा अर्ज भरताना जुना मधुमेह लपविलेला असतो, तो मोक्याच्या वेळी नडतो.

या तीन अडसरांत थंडी, काळोख आणि एकटेपणा मिळवा. ग्लासगोतील पाकिस्तानी कुटुंबांत ड जीवनसत्त्वाच्या अभावी हाडे ठिसूळ आणि वाकडी होत असल्याचे तेथील डॉक्टरांनी १९६२ सालीच नोंदविले होते. सावळ्या त्वचेला हे जीवनसत्त्व तयार करण्यास ऊन अधिक लागते, आणि तेथे तर ऊनच नाही. दहा मायक्रोग्रॅमच्या एका स्वस्त गोळीने जे टळते, त्यापायी आपल्या किती आज्या गुडघे आणि कंबर धरून बसल्या असतील!

येथपर्यंत ऐकून आपण म्हणाल, परक्या देशात परकेपणाची वागणूक मिळायचीच. ज्याने त्याने आपल्या माणसांना जपावे, आणि ज्ञातिसंस्था तरी आणखी कशासाठी असतात? मीही परत येताना असेच समजत होतो. परंतु परतल्यावर माझ्या डोळ्यांत अंजन घातले ते एका वारली म्हातारीने.

पालघर जिल्ह्यातील एका धर्मादाय दवाखान्यात मी आठवड्यातून एक दिवस जात असतो. ती आजी नातवाबरोबर आली होती. मी माझ्या शुद्ध मराठीत तिला एकामागून एक प्रश्न विचारले. भूक लागते का? "हो." झोप येते का? "हो." चक्कर येते का? "हो." औषध घेतलेत का? "हो." सात प्रश्नांना सात 'हो' झाल्यावर माझी लेखणी थांबली. माझी आई त्या इंग्रज डॉक्टरांसमोर अशीच मान हलवीत बसली होती. ही बाई माझ्याच राज्यातली, कदाचित माझ्या पूर्वजांच्याही आधीपासून या भूमीवर राहिलेली. आणि तरीही त्या खोलीत परमुलुखातली तीच होती. टेबलाच्या अलीकडे या वेळी मी होतो, एवढाच फरक.

भारतातील नऊ राज्यांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदूंच्या मानाने आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी असल्याचे त्यात आढळले. आणि केवळ गरिबीने या अंतराचा उलगडा होत नाही, असेही दिसून आले. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण त्यावरून आपण निश्चिंत राहावे, असे मला आमच्या दवाखान्याच्या रांगेकडे पाहून वाटत नाही. वेल्समधील एका खाणवस्तीत डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली असे मांडले की, जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, तेथेच ती सर्वांत कमी मिळते. त्यांनी हे खाणकामगारांविषयी लिहिले. पण ते साउथॉललाही लागू पडते आणि पालघरलाही. परदेशात आपल्या वृद्धांना न्याय मिळावा असे ज्याला वाटते, त्याने तोच न्याय आपल्या दारात इतरांच्या वृद्धांना नाकारला, तर त्याच्या तक्रारीत वजन कोठून येणार?

केवळ प्रश्न मांडून रजा घेणे मला प्रशस्त वाटत नाही. यास्तव कार्यकारी मंडळापुढे मी चार सूचना ठेवतो.

पहिली, परदेशी जाणाऱ्या प्रत्येक वृद्धासाठी संस्थेने एक आरोग्यपुस्तिका तयार करावी. आजार, औषधांची मूळ नावे व मात्रा, ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया, ही माहिती एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत असावी. तीत तक्रारींची एक यादी असावी, म्हणजे 'जीव घाबरा होणे', 'हातपाय गळणे', 'पोटात कालवणे' या शब्दांचे भाषांतर कोणा घाईत असलेल्या मुलाला करावे लागणार नाही.

दुसरी, विम्याचा अर्ज भरण्यास मदत करणारे दोन सभासद नेमावेत, आणि जुना आजार कधीही लपवू नये, असे प्रत्येकाला बजावावे.

तिसरी, परदेशातील आपल्या सभासदांनी तेथील महाराष्ट्र मंडळांच्या साह्याने मराठी बोलणाऱ्या स्वयंसेवकांची यादी करावी. आठवड्यातून एकदा कोणी वृद्धाश्रमात वा एकट्या आजीकडे जाऊन मराठीत बोलला, तरी ते औषधाइतकेच गुणकारी ठरते. रुग्णालयात मात्र शिकलेला दुभाषाच मागावा.

चौथी सूचना काहींना रुचणार नाही, तरी ती मी करतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत योजनेखाली सत्तर वर्षांवरील प्रत्येकास, त्याची मिळकत कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची तरतूद झाली आहे. हे कार्ड काढून देण्याचे काम आपल्या कार्यालयात सुरू करावे. आणि त्या दारात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्याची जात विचारू नये. आपल्या वैद्यकीय निधीच्या नियमांत 'केवळ ज्ञातिबांधवांसाठी' असे शब्द आहेत. ज्या काळी ते लिहिले गेले, त्या काळची गरज मी समजू शकतो. पुढील साधारण सभेत त्या शब्दांचा फेरविचार व्हावा, असा ठराव मी मांडणार आहे.

माझ्या आईला समजून घेण्यासाठी एक पंजाबी बाई धावून आल्या. त्यांनी तिचे गाव विचारले नाही, गोत्र विचारले नाही. खुर्ची पुढे ओढली आणि तिचे बोलणे पुरते होईपर्यंत ऐकून घेतले. ते ऋण फेडावयाचे तर त्यांना शोधीत कोठे जाऊ? पालघरच्या त्या आजींना मी पुढल्या खेपेस दवाखान्यातल्या वारली मदतनीस बाईंच्या साह्याने पुन्हा तपासले. सात 'हो'मधले चार 'नाही' निघाले. त्यांतला एक औषधाचा होता. ते तिने कधी घेतलेच नव्हते. आता ती घेते आहे.

भोजनाची वेळ झाली आहे. पंगतीत बसण्यापूर्वी आपल्या शेजारच्या वृद्ध माणसाला 'कसे आहात?' असे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जय हिंद.